जडसनचा बाप्तिस्मा आणि आपलं घराणं

प्रिय विलास,
सप्रेम सलाम.

पुतणीवरून घरात काय चाललंय ते कळलं. तान्हेपणीचा बाप्तिस्मा ती मानत नाही, तिला आता बुडवून घ्यायचाय, आणि दादा विचारतात, "मग आम्ही काय खोटे ख्रिस्ती?" तुला अमेरिकन मिशनरी अडोनायराम जडसनची हकिकत सांगतो, कारण तिचं एक टोक आपल्या घराण्यापर्यंत येतं.

१८१२ साली अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे पहिले मिशनरी दोन जहाजांनी हिंदुस्थानाकडे निघाले. सगळे काँग्रिगेशनल, म्हणजे बाळांना बाप्तिस्मा देणारे. बंगालातल्या श्रीरामपूरला (आपलं नगरचं नव्हे) इंग्रज मिशनरी केरी आणि त्याचे सोबती बाप्टिस्ट, म्हणजे स्वतः विश्वास धरणाऱ्यालाच बुडवून बाप्तिस्मा देणारे. त्यांच्याशी गाठ पडणार, तर उत्तरं तयार असावीत म्हणून जडसन जहाजावर शास्त्र उघडून बसला आणि अब्राहामापाशी अडला. बाळाच्या बाप्तिस्म्याला मोठा आधार सुंतेचा: देवाचा करार अब्राहामाच्या घराण्याशी, म्हणून लेकरांनाही खूण. पण अब्राहामाने तर नोकरचाकरांचीही सुंता केली होती! मग उद्या एखादा घरधनी ख्रिस्ती झाला, तर त्याच्या गड्यामाणसांनाही, विश्वास असो नसो, पाणी लावायचं?

त्याची बायको ॲन धास्तावली. बोर्डाचा आधार, सोबती, सगळंच सुटणार. तू बाप्टिस्ट झालास तरी मी होणार नाही, असं तिने बजावलं. मग तिनेही अभ्यास केला, आणि ६ सप्टेंबर १८१२ ला कलकत्त्यात दोघांनी विल्यम वॉर्डच्या हातून बाप्तिस्मा घेतला. जडसनचे वडील स्वतः काँग्रिगेशनल पाळक. त्यांना काय वाटलं असेल, ते दादाच सांगू शकतील.

दुसऱ्या जहाजावरचा ल्यूथर राइसही नोव्हेंबरात त्याच वाटेने गेला. त्याच्याच सोबतचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मात्र हलले नाहीत. फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईला उतरले, आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. तुझा-माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला तो या न हललेल्यांमुळे. जडसन ब्रह्मदेशात गेला आणि त्याने बर्मी भाषेत बायबल आणलं.

मला माझा बाप्तिस्मा पुरतो; पुतणीचं मत मला पटत नाही. पण ती स्वतः वाचून बोलतेय की नव्या मंडळीने सांगितलं म्हणून, एवढं विचार. वाचून बोलत असेल तर अडवू नका. झुरिकच्या प्रोटेस्टंट नगरसभेने १५२७ साली तान्हेपणीचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या फेलिक्स मांट्झला याच वादापायी लिमात नदीत बुडवून मारलं. दादा नुसते अबोला धरून आहेत, हे त्या मानाने बरंच!

नाताळात येतोय, तेव्हा दादांशी बोलेन. तोवर तारीख ठरवू नकोस म्हणावं तिला.

तुझा,
सुधाकर