पुढच्या सुईची तारीख: मध्य प्रदेशच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सप्रेम नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे. इथे मुद्दाम मराठीत लिहिते आहे, कारण इंदूरच्या आमच्या मराठी घरांतही मूल लांबवण्याच्या साधनांचा विषय दबक्या आवाजात बोलला जातो आणि सरकारी दवाखान्यांचं हे सगळं दुखणं वस्तीतल्या बायकांचं, अशी समजूत आहे. मी 31 वर्षं सरकारी परिचारिका होते, त्यातली बहुतेक बाळंतिणींच्या वॉर्डात. नंदानगरच्या चाळीतल्या आणि सुदामानगरच्या बंगल्यातल्या बायकांनी मला एकच प्रश्न कानाशी येऊन विचारला आहे: सिस्टर, पाळणा लांबवायचाय, काय करू?

पाळणा बंद करायला आपल्याकडे जुनं आणि ठरलेलं उत्तर आहे, ऑपरेशन. 1952 साली सरकारी पातळीवर कुटुंब नियोजन सुरू करणारा भारत जगातला पहिला देश, आणि इतक्या वर्षांनीही सारी भिस्त बाईच्या नसबंदीवरच. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 37.9 टक्के विवाहित बायकांचं हे ऑपरेशन झालेलं होतं. मध्य प्रदेशात तर निम्म्याहून जास्त. मूल हवं आहे, पण आत्ता नको, असं म्हणणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र तुटक उत्तरं येतात. त्यातलीच एक मी जवळून पाहिली, म्हणून हे पत्र.

माझ्या शेजारच्या घरी स्वयंपाकाला येणारी मुलगी 24 वर्षांची आहे. कडेवर सव्वा वर्षाची लेक. मे महिन्यात मीच तिला अंतराची, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून देतात ती, सुई घ्यायला पाठवलं. 2017 पासून ही सुई सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, दर तीन महिन्यांनी एक. अंगावर पाजणाऱ्या आईलाही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी चालते. गोळीसारखी रोज आठवणीने घ्यावी लागत नाही, घरात कुणाला दिसत नाही. सासूच्या नजरेत राहणाऱ्या बाईला याचं मोल किती, ते पुरुषांना समजावून सांगणं अवघड आहे.

ऑगस्टमध्ये ती कार्ड घेऊन ठरल्या तारखेला गेली. साठा संपला होता, पुढच्या सोमवारी या म्हणाले. सोमवारी सुई देणाऱ्या ताई प्रशिक्षणाला गेलेल्या. तिसऱ्या आठवड्यात तिला ऐकवलं, तारीख निघून गेली, आता पाळी आल्यावर या. साहेब, अंतरा घेणाऱ्या बाईची पाळी अनियमित होते, कित्येकींची बंदच होते. तिला पाळीची वाट बघायला सांगायचं म्हणजे काय? ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत ही सुई देता येते, असं सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. ती मुदतीतच गेली होती, तेही तीन दिवसांचं काम बुडवून.

चौथ्यांदा ती गेली नाही. दिवाळीच्या सुमारास तिला दिवस राहिले. नवऱ्याने मेडिकलवरून गर्भपाताच्या गोळ्या आणून दिल्या. किती घ्यायच्या, केव्हा घ्यायच्या, आधी तपासणी हवी का, कुणी काही सांगितलं नाही. बारा दिवस अंगावरून जात होतं आणि ती आमच्या गल्लीत पोळ्या लाटत होती. मला कळलं तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आलेलं. दोन बाटल्या रक्त चढवून ती वाचली.

मला इथे कुणा एका ताईला दोष द्यायचा नाही. मीही त्या खुर्चीत बसले आहे, एका हातात लसीकरणाचं रजिस्टर आणि दुसऱ्या हातात पोलिओची यादी घेऊन. पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. ऑगस्टमध्ये किती सुया लागणार हे मे महिन्यातच ठरलेलं असतं. तापाची साथ केव्हा येईल सांगता येत नाही. अंतराच्या प्रत्येक बाईची पुढची तारीख मात्र आपणच आपल्या हाताने कार्डावर लिहून देतो. साधनांचा साठा कळावा म्हणून केंद्राने 2017 साली संगणकीय व्यवस्थाही उभी केली आहे. तरीही सुई संपते, याचा अर्थ कार्डावरची ती तारीख आपण बाईला पाळायला लावतो आणि स्वतः पाळत नाही.

तांबीचंही तसंच. प्रसूतीनंतर 48 तासांत कॉपर टी बसवता येते आणि सोय म्हणून ती फार चांगली आहे. पण कळा देऊन थकलेल्या बाईकडून तेव्हा मिळालेला होकार हा होकार नसतो. विचारायचं ते सातव्या-आठव्या महिन्यात, तपासणीला येते तेव्हा, शांतपणे. तांबी बसवली आहे हे घरी गेल्यावर कळलेल्या बायका मला भेटल्या आहेत. आपल्याकडे दोन प्रकारची तांबी मिळते, 380 ए दहा वर्षं चालते आणि 375 पाच वर्षं. आपल्याला कुठली बसवली, हे दहातल्या दोघींनाही सांगता येत नव्हतं, हा माझ्या वॉर्डातला अनुभव.

पुरुषांबद्दल बोललंच पाहिजे. 2019-21च्या त्याच पाहणीत देशात पुरुष नसबंदीचं प्रमाण 0.3 टक्के आहे. बिनटाक्याची ती शस्त्रक्रिया काही मिनिटांची, बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची. नंतर तीन महिने निरोध वापरायचा, एवढंच पथ्य. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या, आणि त्या जबरदस्तीची भीती अजून घरोघर आहे. म्हणूनच 2020च्या फेब्रुवारीत आपल्या राज्यात, पुरुष आणला नाही तर पगार नाही, असं आरोग्य कर्मचाऱ्यांना धमकावणारा आदेश निघाला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तो मागे घेतला, हे योग्यच झालं. पण त्यानंतर पुरुषांशी बोलायचं कामच थांबल्यासारखं दिसतं. नवऱ्याला समोर बसवून, पौरुषाला काही होत नाही हे समजावून सांगणारा माणूस किती दवाखान्यांत आहे?

हिवाळ्यातल्या नसबंदी शिबिरांचं मी थोडक्यात सांगते, कारण तो विषय काढला की मला त्रास होतो. 2014च्या नोव्हेंबरात शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळ, एका दिवसात 83 बायकांची ऑपरेशनं झाली आणि 13 जणी गेल्या. सप्टेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. ज्या बाईला खरंच ऑपरेशन हवं आहे, तिला वर्षभर, ठरलेल्या दिवशी, पलंगावर झोपवून ते मिळालं पाहिजे.

आणि इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या हॉस्टेलांत राहणाऱ्या मुली? शिकायला आलेल्या या मुली चुकूनमाकून सरकारी खिडकीशी आल्याच, तर पहिला सवाल येतो, पति का नाम? 2021 मध्ये गर्भपाताच्या कायद्यातला 'पती' हा शब्द जाऊन तिथे 'जोडीदार' आला. 2022 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांचाही हक्क मान्य केला. सज्ञान बाईच्या संमतीशिवाय आणखी कुणाची सही कायद्याला लागत नाही. खिडकीवर मात्र ती अजून मागितली जाते. महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी 1921 साली संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि त्यापायी आयुष्यभर सोसलं. शंभर वर्षांनी एखाद्या मुलीला त्याच लाजेने दवाखान्याच्या दारातून परतावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

मी आपल्याकडे नवी योजना मागत नाही. अंतरा, छाया ही गोळी आणि तांबी यांचा प्रत्येक संजीवनी क्लिनिकमधला, म्हणजे वस्तीतल्या सरकारी दवाखान्यातला, साठा दर महिन्याला दारावर लिहून लावा. सुई देणारी एक ताई रजेवर असली तर दुसरी कोण, ते आधी ठरवा. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सातपर्यंत ही सेवा चालू ठेवा, म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बायकांचा रोज बुडणार नाही. आणि बोलायला एक पडदा तरी लावा, कारण मागे रांगेत बहुतेक तिची जाऊबाई उभी असते.

त्या मुलीने अंतरा पुन्हा सुरू केली आहे. माझा आग्रह नव्हता, तिनेच ठरवलं. पुढची सुई येत्या 12 तारखेला आहे. मी तिच्याबरोबर जाणार आहे आणि सुई मिळाली की नाही, ते आपल्याला त्याच दिवशी कळवीन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
राजेंद्रनगर, इंदूर