सेंट लेजरच्या यादीतले ‘सयाजीराव’

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील इंग्लंडच्या डर्बी या घोड्यांच्या शर्यतीवरचा लेख मी आवडीने वाचला. शर्यतीला डर्बीच्या उमरावाचे नाव द्यायचे की सर चार्ल्स बनबरी यांचे, हे नाणे उडवून ठरल्याची आख्यायिका आणि १७८० ची ती पहिली शर्यत बनबरींच्याच ‘डायोमेड’ने जिंकल्याची नोंद, दोन्ही त्यात होत्या. पण सगळा लेख वाचूनही वडोद्याचे नाव कुठे आढळले नाही, याची रुखरुख लागली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वडोदा संस्थानचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू लिलावात २८,००० गिनींना, म्हणजे २९,४०० पौंडांना घेतले. एवढी किंमत तोवर तिथे कोणत्याही शिंगराला आली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ ‘डान्टे’ याने त्याच वर्षीची डर्बी जिंकली होती. महाराजांनी या शिंगराला आपल्या आजोबांचे नाव दिले, ‘सयाजीराव’. इंग्लंडमधील मानाच्या क्लासिक शर्यती तीन वर्षांच्याच घोड्यांसाठी असल्यामुळे प्रत्येक घोड्याला त्यांत आयुष्यात एकदाच धावता येते. १९४७ साली सयाजीराव न्यूमार्केटच्या ‘टू थाउजंड गिनीज’मध्ये तिसरा आला, एप्सम येथील डर्बीतही तिसराच आला, मग त्याने आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरमध्ये डॉनकॅस्टरला सेंट लेजर जिंकली, तीही जेमतेम डोकेभर अंतराने. देश स्वतंत्र होऊन तेव्हा महिना झाला असेल-नसेल.

सेंट लेजर ही १७७६ साली सुरू झालेली, पाच क्लासिक शर्यतींमधली सर्वांत जुनी शर्यत. तिचे अंतर पावणेदोन मैलांहून थोडे अधिक असल्याने डर्बीत चमकलेला घोडा इथे दमाला कमी पडतो, असे अनेकदा घडले आहे. सयाजीरावचा दम त्याच्या वंशातही उतरला. त्याचा मुलगा ‘इंडियाना’ याने १९६४ साली हीच शर्यत जिंकली. महाराजांच्याच ‘माय बाबू’ने १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकली होती, हेही इथे नोंदवायला हवे. प्रत्यक्ष डर्बीचा मान मात्र आपल्या शेजारच्या राजपिपळा संस्थानाकडे जातो, कारण १९३४ ची डर्बी जिंकणारा ‘विंडसर लॅड’ महाराज विजयसिंहजींचा होता.

माझे आजोबा संस्थानच्या पागेत कारकून होते. त्यांच्या हिशेबाच्या वहीत दाणा-वैरणीच्या आकड्यांखाली, पेन्सिलीने, सेंट लेजरचा निकाल टिपलेला आहे. त्या ओळीत ‘सयाजीराव’ एवढेच न लिहिता त्यांनी ‘श्रीमंत सयाजीराव’ असे लिहिले आहे. नाव घोड्याचे असले तरी थोरल्या महाराजांच्या नावामागचा मान सोडायला त्यांचा हात धजला नसावा.

हे लिहिताना त्या काळाची दुसरी बाजूही मी विसरत नाही. शर्यतीच्या घोड्यांवर होणाऱ्या खर्चावर त्याच काळी टीका झाली होती आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. हा पैसा कुठला होता, हेही या इतिहासात आले पाहिजे. थोरल्या महाराजांनी शाळा आणि ग्रंथालये उभी केलेल्या शहराला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आहेच.

काळ्या घोड्यापाशी रोज हजारो माणसे थांबतात. घोड्यावर बसलेल्या सयाजीराव महाराजांचा तो पुतळा साऱ्या शहराच्या ओळखीचा आहे, पण सयाजीराव नावाचा घोडा फारच थोड्यांना ठाऊक असेल. दांडिया बाजार, रावपुरा भागातील जुन्या मराठी घरांत पागेच्या नोकरीतली कागदपत्रे आणि छायाचित्रे अजून पेट्यांत पडून असतील. आपण वाचकांना आवाहन करून ती मागवावीत आणि पुरवणीत छापावीत, अशी विनंती आहे. आजोबांच्या वहीतल्या त्या पानाची प्रत मी सोबत जोडली आहे.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा