नव्या संगणकांवर मराठी कळफलक आधीच हवा

महोदय,

कार्यालयांत नवे संगणक येतात तेव्हा एकाची प्रतिमा (त्यातील सर्व प्रणाली व सेटिंगची हुबेहूब प्रत) घेऊन ती बाकीच्यांवर उतरवली जाते. मात्र मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक (भारतीय भाषांसाठीची प्रमाणित अक्षररचना) अनेकदा तंत्रज्ञाच्या खात्यापुरताच बसवलेला असतो. विंडोजमध्ये नव्या वापरकर्त्याचे प्रोफाइल, म्हणजे त्याच्या खात्याची स्वतंत्र मांडणी, पहिल्या लॉगिनच्या वेळी ‘डिफॉल्ट’ फोल्डरवरून बनते आणि त्यात मराठी नसते, त्यामुळे बदलून आलेल्या लिपिकाला पडद्याच्या कोपऱ्यात फक्त ‘ईएनजी’ (इंग्रजी) दिसते आणि साधे पत्रही खोळंबते. प्रादेशिक सेटिंगमध्ये नवीन वापरकर्ता खात्यांच्या चौकटीत खूण करणे आणि सिसप्रेपच्या (प्रतिमा घेण्याआधी संगणक तयार करणारे विंडोजचे साधन) उत्तर-फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग आधीच लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, मराठी इनपुट नोंदवणे, एवढेच हे काम आहे. पुरवठादाराचे देयक मंजूर करण्याआधी प्रत्येक कार्यालयाने कोरे खाते उघडून मराठीत एक ओळ टंकून पाहावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

— एक वाचक, सातारा