विकिरणाने कोंब थांबतो, सड नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कांदा विकिरणाने, म्हणजे गॅमा किरणांपुढून नेऊन, टिकवण्याचा विषय निघाला की ‘मग तो कांदा किरणोत्सारी होणार का?’ हा प्रश्न बाजार समितीच्या आवारात हमखास ऐकू येतो. तसे होत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावजवळ २००२ मध्ये उभारलेल्या ‘कृषक’ प्रकल्पात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी स्रोत धातूच्या बंद नळ्यांत असतो. माल त्यासमोरून सरकतो, पण कोबाल्टचा त्याला स्पर्श होत नाही आणि त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा अन्नातील अणूंना किरणोत्सारी करण्याइतकी नसते. काम नसताना हा स्रोत खोल पाण्याच्या टाकीत उतरवतात, तो तिथल्या कामगारांच्या जिवासाठी; गिऱ्हाइकाचा त्याच्याशी संबंध येत नाही. याच प्रकल्पातून २००७ मध्ये आंबा अमेरिकेला गेला. कोयीतल्या भुंग्यासारख्या किडींच्या बंदोबस्तासाठी आंब्याला किमान ४०० ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा द्यावी लागते, कांद्याला ६० ते ९० ग्रे पुरते.

माझी हरकत वेगळी आहे. विकिरण म्हणजे कांद्याच्या साऱ्या दुखण्यांवर रामबाण, असे जे सांगितले जाते, ते खरे नाही. विकिरणाने कोंब फुटणे थांबते, सड थांबत नाही. मान पडण्याआधी (पात आडवी होण्याआधी) उपटलेला, नीट न सुकवलेला किंवा अवकाळीत भिजलेला कांदा किरणांपुढून नेला, तरी साठवणुकीच्या चाळीत त्याला काजळी (काळी बुरशी) धरणारच. शिवाय हे काम कांदा सुप्तावस्थेत (काढणीनंतर आत कोंब वाढू लागण्याआधी) असतानाच उरकावे लागते. भाव पडले म्हणून ऑगस्टपर्यंत थांबून, आत कोंब सरसावल्यावर माल नेला, तर तो कोंब मरून गाभा काळपट पडतो आणि प्रतवारीत तोच कांदा बाजूला निघतो. म्हणजे उन्हाळ कांद्याची सारी झुंबड काढणीनंतरच्या थोड्या आठवड्यांतच उडणार. त्या काळात यंत्रणा किती माल पेलू शकेल आणि एरवी ती मसाले, कडधान्यांवर चालेल का, याचा हिशेब नव्या प्रकल्पांच्या घोषणांत (त्यांचा आपल्याकडे कधीच तुटवडा नसतो) दिसायला हवा.

आणखी एक. विकिरणित मालाच्या वेष्टनावर तसे छापणे बंधनकारक आहे. परंतु किरकोळ दुकानात गोणी फुटून कांदा सुटा झाला की ग्राहकाला काहीच कळत नाही. अशा दुकानांत फलक लावण्याची सक्ती अन्न व औषध प्रशासनाने करावी आणि विकिरणाचा क्विंटलमागे येणारा खर्च, वाहतूक व हमालीसह, बाजार समित्यांनी हंगामाआधी जाहीर करावा.

आपला,
एक कांदा उत्पादक, निफाड (जि. नाशिक)