हॅम्लेट शिकवायला उभी राहशील तेव्हा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, 'आई, एस.वाय.ला हॅम्लेट आलंय, पोटात गोळा आलाय.' रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून सकाळीच लिहायला बसले.

पहिली कितीतरी वर्षं मी मुलांना 'हॅम्लेटच्या विलंबाची कारणे', म्हणजे बापाच्या खुनाचा सूड घ्यायला तो इतका वेळ का लावतो, ते लिहून द्यायचे. मुलं पाठ करायची, पास व्हायची. आज त्याचं वाईट वाटतं. नाटक वाचायच्या आधीच मी त्यांच्या हातात उत्तर ठेवत होते.

तू तिसऱ्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशापाशी थांब. क्लॉडियस, हॅम्लेटच्या बापाचा खून करून राजा झालेला त्याचा काका, एकटाच प्रार्थनेला गुडघे टेकून बसलाय, मागे हॅम्लेट तलवार उपसून उभा. प्रार्थनेत मारला तर हा स्वर्गात जाईल, माझ्या बापाला मात्र पापं धुवायला क्षणही मिळाला नव्हता, असं म्हणून तो निघून जातो.

एका वर्षी मी हा प्रवेश वर्गात उभा केला. एक मुलगा प्लॅटफॉर्मवर गुडघे टेकून बसला, दुसरा त्याच्या मागे लाकडी फूटपट्टी उगारून. पट्टीवाल्याचा हात खरंच थरथरत होता. तो बाकावर परतला, क्लॉडियस झालेला उठला आणि त्याने शेवटच्या दोन ओळी वाचल्या: शब्द वर जातात, मन खालीच राहतं. कोपऱ्यातली एक मुलगी, वर्षभर तोंड न उघडलेली, एकदम म्हणाली, 'म्हणजे त्याला प्रार्थना जमलीच नव्हती! मारायला हवं होतं!' वर्ग चिडीचूप. नोट्स देऊन मला हे कधी साधलं नव्हतं.

मग लगेच चौथ्या अंकाचा सातवा प्रवेश घे. लेअर्टीसचाही बाप मारला गेलाय, तोही हॅम्लेटच्या हातून. तो म्हणतो, चर्चमध्येसुद्धा हॅम्लेटचा गळा कापीन. आणि त्याला दुजोरा कोण देतं? क्लॉडियस! प्रार्थनेमुळे ज्याचा जीव वाचला, तोच म्हणतो की खुन्याला कुठल्याच पवित्र जागेचा आसरा मिळू नये. हे दोन प्रवेश पाठोपाठ वाचले की हॅम्लेटला नुसता 'कचखाऊ' म्हणायला मुलांची जीभ रेटत नाही. उरलेला इतिहास, भुताचं प्रकरण वगैरे एका तासात उरक.

आगरकरांबद्दल मात्र सांगच. 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढताना हेच नाटक त्यांच्या हातात होतं. पुढच्या वर्षी त्यांनी केलेलं हॅम्लेटचं मराठी रूप, 'विकारविलसित', छापून आलं. तेव्हा ते पंचविशीतले, तुझ्याहून लहान. मुलांना हे कळलं की पुस्तकाची भीती थोडी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

माझी जुनी प्रत कुरिअरने पाठवतेय. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा वाच, पण तिसऱ्या अंकातल्या खोडून टाक. तिथे तुझ्या मुलांचं लिही, आणि पहिल्या तासानंतर रात्री फोन कर. मी जागी असेन.

तुझी,
आई