खोक्यांबद्दल

कोलोन, ९ ऑगस्ट

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, मागच्या रविवारी व्हिडिओवर माझ्या मागे खोकी दिसली आणि तू विचारलंस, तेव्हा मी "माळा आवरतेय" म्हणाले. या घराला माळाच नाही. तू नुसतं "बरं" म्हणालीस. ते "बरं" आठवडाभर माझ्या कानात आहे, म्हणून हे पत्र. फोनवर बाबा मध्येच "आवाज तुटतोय, आवाज तुटतोय" करतात आणि मला विषय बदलायला निमित्त मिळतं.

तर, ऑर्केस्ट्रातली नोकरी मी सोडली. ३१ जुलैला संपली. राजीनामा फेब्रुवारीतच दिला होता.

बाबा, आधी बसा आणि शेवटपर्यंत वाचा. मला कोणी काढलेलं नाही, कोणाशी भांडण नाही, तब्येत ठणठणीत आहे. आणि नानाकाकांचा छापखाना डोळ्यांपुढे आला असेल, तर तो जरा बाजूला ठेवा. हे छापखान्यासारखं नाही. (थोडंसं आहे. पण कर्ज काढलेलं नाही.)

इथे सोळा जणांचा एक संच आहे. बारा तंतुवाद्यं आणि फुंकून वाजवायचे दोन ओबो, दोन हॉर्न. त्यात मी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची ती थोरली बहीण, वाजवणार. महिन्याचा पगार नाही, कार्यक्रमागणिक मानधन. आणि समोर कंडक्टर नाही.

तुम्ही दोघं २०१८ मध्ये आला होतात, बाल्कनीत बसून सगळा कार्यक्रम ऐकलात, आणि बाहेर पडल्या पडल्या बाबांनी विचारलं होतं, "तो काठीवाला एकही सूर वाजवत नाही, त्याला किती मिळतात?" मी तेव्हा चिडले होते. आई, तू म्हणालीस की मला वेणीवरून ओळखलंस. ती वेणी माझी नव्हती गं, माझ्या पुढे बसलेल्या मुलीची होती. मी चौथ्या डेस्कला, आतल्या बाजूला होते. दोघांत एक स्टँड असतो आणि पान उलटायचं काम आतल्या बाजूला बसणाऱ्याचं. म्हणजे ओळ रंगात आली की नेमकं मी वाजवणं सोडून पान उलटायचं. नऊ वर्षं ते केलं आणि त्यात कमीपणा काही नाही. दहा व्हायोला एकजीव वाजायला हव्यात, कोणा एकीचा आवाज वर येता कामा नये, हेच ते कसब. पण गेल्या वर्षी तालमीत माझी तार तुटली. बदलेपर्यंत मी नुसती बसून होते आणि कानाला काही फरकच जाणवला नाही. माझ्याच कानाला. ते मला फार दिवस बोचत राहिलं. या संचात व्हायोला दोनच आहेत. चुकले तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल.

"मग डोक्यावर कोणी नाही तर चालवतं कोण?" बाबा, ऐकू आलं मला.

आई, तुझ्या भजनी मंडळात कोण हात हलवतं? पेटीवाल्या काकू मान जरा उचलतात, श्वास घेतात आणि तुम्ही बारा जणी एकदम उचलता. आमचंही तसंच. प्रत्येक रचनेला लीडर बदलतो. सध्या मोझार्टची एकोणतिसावी सिम्फनी बसवतोय, त्याने १७७४ मध्ये, अठरा वर्षांचा असताना लिहिलेली. तिच्या सुरुवातीला पहिली व्हायोलिन्स अगदी हळू आवाजात एक सप्तक खाली उतरतात. तो उतार सगळ्यांचा एकत्र पडावा म्हणून आमची लीडर फक्त नाकाने श्वास घेते. बस, तेवढंच. मग एक जण वाद्य ठेवून रिकाम्या हॉलच्या टोकाला जाऊन बसतो आणि परत येऊन सांगतो, हॉर्न बाकीच्यांना झाकताहेत, चेलो मागे पडताहेत. रोज वेगळा माणूस जातो. मी गेले त्या दिवशी मला बोलायला धीर होईना. नऊ वर्षं माझं मत कोणी विचारलेलं नव्हतं, त्याची सवय गेलेली.

भांडणंही होतात, खोटं कशाला सांगू. ही सिम्फनी किती वेगात सुरू करायची यावर परवा सव्वा तास गेला. शेवटी मतदान झालं, नऊ विरुद्ध सात. मी हरलेल्या सातांत होते. आणि आता तो वेग माझाच आहे असं समजून वाजवायचं, हे त्यातलं सगळ्यांत अवघड. कंडक्टरचं मानधन वाचतं खरं, पण तालमी जास्त दिवस चालतात आणि तेवढे पैसे तिथेच जातात.

बाबा, सासवडची समाजआरती आठवते? मी तुमच्या खांद्यावर होते. माउलींच्या चोपदारांनी दंड वर केला आणि एवढे टाळमृदंग एका क्षणात गप्प झाले. एकच दिंडी टाळ वाजवत राहिली. मी विचारलं, यांना कळत नाही का? तुम्ही म्हणालात, "त्यांची तक्रार आहे. ऐकून घेतल्याशिवाय ते थांबणार नाहीत." मी होते त्या ऑर्केस्ट्रात दंड होता, पण टाळ वाजवत राहायची सोय नव्हती. इथे सध्या उलटं आहे, दंड नाही आणि टाळ फार.

हे आमचंच खूळ आहे असंही नाही. काठी घेऊन समोर उभं राहायची पद्धत रुळली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी पहिला व्हायोलिनवादक किंवा हार्प्सिकॉर्डवर बसलेला माणूसच सगळं सांभाळायचा. मॉस्कोत १९२२ मध्ये लेव त्सेइतलिन या व्हायोलिनवादकाने पर्सिम्फान्स नावाचा अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा कंडक्टरशिवाय उभा केला होता. एकमेकांना दिसावं म्हणून गोल करून बसत, काहींची तर श्रोत्यांकडे पाठ. तो १९३२ मध्ये बंद पडला, हे मीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शोधून काढालच. पण न्यूयॉर्कचा ऑर्फियस १९७२ मध्ये, म्हणजे तुमच्या दुष्काळाच्या साली सुरू झाला, तो अजून चालू आहे. तुमच्या अख्ख्या बँकेच्या नोकरीपेक्षा जास्त टिकला, बाबा.

आता पैसे. परमनंट सोडली याचं तुम्हाला किती वाईट वाटेल ते मला माहीत आहे. तुमच्या चष्म्याच्या वेळी, दादाच्या फीच्या वेळी त्या शब्दाने घर कसं सावरलं ते मी बघितलंय. पण इथलं परमनंटही पूर्वीचं राहिलेलं नाही. जर्मनीत १९९२ मध्ये सरकारी मदतीवर चालणारे १६८ ऑर्केस्ट्रा होते. काही बंद झाले, काही एकमेकांत मिसळले, आता १३०च्या आसपास आहेत. मोकळी झालेली खुर्ची कित्येकदा भरतच नाहीत. आणि कलाकारांसाठी १९८३ पासून एक सामाजिक विमा आहे. आजारपण आणि पेन्शन दोन्हींचा निम्मा हप्ता मी भरायचा, उरलेला सरकार आणि आम्हाला काम देणारे मिळून भरतात. त्यात माझं नाव लागलंय, कागद दादाला पाठवलेत. शिवाय आठवड्यातून दोन दिवस संगीतशाळेत मुलांना शिकवणार आहे आणि आठ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय. तुम्ही म्हणाल, २०२० मध्ये काय झालं ते विसरलीस का? नाही विसरले. माझा पगार चालू होता आणि बाहेरच्या मित्रमैत्रिणींचे वर्षभराचे कार्यक्रम आठवड्यात पुसले गेले. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. भीती वाटते. पण त्या चौथ्या डेस्कला साठीपर्यंत बसायची भीती जास्त वाटली.

एक गंमत. संचाची कामं सगळ्यांनी वाटून घेतलीत, आणि जमाखर्च माझ्याकडे आलाय! दर महिन्याला पाठवू का, बाबा? नजर टाकाल? वही नसते, एक्सेल असतं, दादा उघडून देईल.

नवी खोली छान आहे, खिडकीतून चिंचेसारखं दिसणारं एक झाड दिसतं. दोन घरसोबतिणी आहेत, दोघी वाजवणाऱ्या, त्यामुळे रियाजाची कटकट नाही. हीटर उत्तम. तूरडाळ, पोहे, सगळं कोपऱ्यावर मिळतं. रोज गरम जेवते. बहुतेक रोज.

दिवाळीला मात्र येता येणार नाही, पहिले कार्यक्रम तेव्हाच आहेत. आई, रडू नकोस. पण ४ ते २५ जानेवारी मी पुण्यात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यातच बसवा. पूर्वी तीन आठवडे एकत्र मागायची हिंमत नव्हती, आता वेळापत्रक आम्हीच आखतो. त्या दिवसांचं मानधन वगैरे मी बघितलंय, तो हिशोब तुम्ही करायचा नाही. कॅम्पातल्या सरांच्या जिन्यात तासन् तास उभे राहायचात, व्हायोलिनची पेटी पायांमध्ये धरून स्कूटर चालवायचात, ते याच गुडघ्यांवर. आता माझी पाळी.

तोपर्यंत मी सांगते ते ऐका. बाबांनी मंडईत चालत जायचं नाही, रिक्षा करायची, मीटरवरून भांडायचं नाही. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, स्टुलावर चढून गणपतीची आरास काढायची नाही, दादा येईपर्यंत थांब. मोतीबिंदूची तारीख तू पुढे ढकललीस हे मला कळलंय. ढकलू नकोस. आणि शेजारच्या काकूंना काय सांगायचं याचा घोर नको, "बदली झाली" म्हण.

रविवारी फोन करते. पत्र पोचलं असेल तर पोचलं म्हणा, नसल्यासारखं दाखवू नका.

तुमची,
मनू

ता. क. एक खोकं अजून उघडलं नाही, त्यात तुझा तीन लिटरचा कुकर आहे. त्याची रबरी रिंग सैल झालीय, वाफ धरत नाही. इथे मिळत नाही. दादाच्या पार्सलात दोन टाक.