हवाई शर्ट घेताना खिसा बघा

महोदय,
मिकी माऊस, डोनाल्ड डक छापलेले हवाई शर्ट (हवाई बेटांच्या धर्तीचे रंगीत, छापील शर्ट) संग्रहासाठी घेणाऱ्यांनी आधी छातीवरचा खिसा पाहावा. चांगल्या शर्टात खिशावरचे चित्र मागच्या कापडाशी तंतोतंत जुळते. त्यासाठी कापड जास्त लागते, म्हणून स्वस्त नकलेत मिकीचा कान खिशाच्या कडेला तुटतो. हवाईतल्या रेन स्पूनर या कंपनीच्या शर्टांचे रंग फिके दिसले तर तो दोष समजू नका. छापील कापडाची उलटी बाजू बाहेर ठेवून शिवणे ही त्यांची ओळखच आहे. खरी नासाडी होते धुण्यात. बरेच हवाई शर्ट रेयॉन या मऊ, कृत्रिम धाग्याच्या कापडाचे असतात; ते ओले झाले की कमजोर पडते, पिळले की आकार बिघडतो. शर्ट उलटा करून थंड पाण्यात हाताने धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सावलीत आडवा वाळवा. तारेच्या हँगरने खांद्यांना टोके येतात, तेव्हा घडी घालूनच ठेवा.

— एक संग्राहक, ठाणे